‘ऑटोमॅटिक’ एवढंच लिहून मोकळे होणाऱ्यांना

प्रति,
मोटारगाड्यांच्या माहितीपत्रकातला ‘तांत्रिक तपशील’ लिहिणारे, जे कुणी असाल ते,

विषय : गिअरबॉक्सची दडवलेली माहिती आणि तिची गिऱ्हाइकाला मोजावी लागणारी किंमत



तुमचं नाव मला ठाऊक नाही. माहितीपत्रकावर ते कधीच नसतं. पण तुमचं काम मी बारकाईनं वाचलं आहे. चकचकीत कागदाच्या शेवटच्या पानावर, भिंग घेऊन बसावं लागेल अशा टायपात तुमचा तक्ता असतो. डिकी किती लिटरची, चाकं किती इंची, टचस्क्रीन केवढा, स्पीकर किती, डॅशबोर्डवरच्या दिव्यांना रंग किती, सगळं मोजूनमापून लिहिलेलं. मग एक ओळ येते : ‘ट्रान्समिशन : ऑटोमॅटिक’. फारच उदार झालात तर अलीकडे ‘६-स्पीड’ किंवा ‘७-स्पीड’ जोडता. बस्स. ज्या यंत्रासाठी आम्ही त्याच गाडीच्या मॅन्युअल मॉडेलपेक्षा घसघशीत पैसे जास्त मोजतो, जे बिघडलं तर दुरुस्तीचं बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं, त्याच्या वाट्याला तुमच्याकडून एवढंच. दिव्यांच्या रंगांना तुम्ही याहून जास्त जागा देता.

माझा आरोप सरळ आहे. तुमच्या इंजिनिअरांना या यंत्राबद्दल सगळं माहीत असतं. वर्कशॉपच्या पुस्तिकेत ते छापलेलंही असतं. गिऱ्हाइकाच्या हाती मात्र ते पडत नाही, आणि ते पडू नये ही सोय तुमच्या तक्त्यानं होते. पुढे गाडी रस्त्यात उभी राहिली की जे कधी सांगितलंच नव्हतं, ते पाळलं नाही म्हणून ठपका गिऱ्हाइकावर येतो. या पत्रात काही कंपन्यांची नावं येतील. ती जाहीर नोंदींतली आहेत. माझी स्वतःची गाडी त्यांपैकी एकाही कंपनीची नाही, आणि तिच्या कंपनीचं नाव मी इथे घेणार नाही. माझं भांडण एका कंपनीशी नाही, या धंद्याच्या सवयीशी आहे.

‘ऑटोमॅटिक’ नावाचं एकच एक यंत्र नसतं, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. आज आपल्या बाजारात या एका शब्दाखाली चार निरनिराळी यंत्रं विकली जातात आणि त्यांचे स्वभाव एकमेकांशी जुळत नाहीत.

एएमटी म्हणजे आपला नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स. क्लच तोच, गिअर तेच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम माणसाऐवजी एक यंत्रणा करते. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओनं हा प्रकार आपल्याकडच्या लहान गाड्यांत आणला आणि गुडघे दुखणाऱ्या कितीतरी लोकांची सोय केली. पण गिअर बदलताना इंजिनाची ओढ क्षणभर तुटते आणि आतल्यांची मान पुढे जाते, हा त्याचा स्वभाव आहे.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात तेलानं भरलेलं बंद भांडं असतं. इंजिनाकडचं पात्यांचं चाक तेल ढकलतं, ते तेल गिअरबॉक्सकडचं चाक फिरवतं आणि मधला स्टेटर परतणाऱ्या तेलाची दिशा वळवून जोर वाढवतो. गाडी जागची हलताना हा जोर दुपटीच्या आसपास जातो. इथे गाडी रांगली तर घर्षण तेलात होतं, उष्णता तेल घेतं आणि ते तेल कूलरमधून थंड होऊन परत येतं.

सीव्हीटीत दोन पुली आणि त्यांच्यावर पट्टा. पुलींचे शंकू जवळ-लांब सरकतात आणि गुणोत्तर अखंड बदलत राहतं. हॉलंडच्या डॅफनं १९५८ मध्ये रबरी पट्ट्याची अशी गाडी लोकांपुढे आणली. आजचा पट्टा पोलादी असतो. या यंत्रात मोजण्यासारखे गिअरच नसतात. तरी काही सीव्हीटीवर तुम्ही ‘७-स्पीड’ लिहिता. ते सात टप्पे सॉफ्टवेअरनं आखलेले असतात, हे लिहायला शाई लागली असती किती?

चौथी डीसीटी. दोन क्लच असतात. एकाकडे १, ३, ५, ७ आणि दुसऱ्याकडे २, ४, ६. एक गिअर चालू असताना पुढचा आधीच लावून तयार असतो, म्हणून बदल झटकन होतो. या डीसीटीतही दोन जाती : ओल्या क्लचची, जिथे क्लच तेलात बुडालेला असतो, आणि कोरड्या क्लचची, जिथे तो नुसत्या हवेत फिरतो. सपाट मोकळ्या रस्त्यावर दोन्ही सारख्याच गोड वाटतात. घाटातल्या गर्दीत मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

या यंत्रांमधला फरक तुमच्या तक्त्यात कसा गायब होतो पाहा. मारुतीच्या बलेनोत २०१५ पासून सीव्हीटी होती. २०२२ मध्ये तीच गाडी नव्या रूपात आली तेव्हा तिच्यात एएमटी बसवली गेली. नाव बलेनो, पाटी ऑटोमॅटिक, पण यंत्र पार वेगळं. फोक्सवॅगनच्या व्हर्टसमध्ये एक लिटरच्या इंजिनाला ६-स्पीड टॉर्क कन्व्हर्टर आहे आणि दीड लिटरच्या इंजिनाला ७-स्पीड कोरड्या क्लचची डीसीटी. एकाच शोरूममध्ये, एकाच नावाच्या दोन गाड्या शेजारी उभ्या आहेत आणि गिऱ्हाईक समजतं की फरक फक्त इंजिनाचा आणि एका जास्तीच्या गिअरचा आहे.

आता गिअरच्या गुणोत्तरांबद्दल. पहिला गिअर ४.७ म्हणजे इंजिनाकडचा दांडा ४.७ वेळा फिरला की गिअरबॉक्समधून बाहेर येणारा दांडा एकदा फिरतो. जोर त्याच पटीत वाढतो. शेवटचा गिअर ०.६७ असेल तर महामार्गावर इंजिन निवांत फिरतं. या दोन आकड्यांच्या भागाकारातून गिअरबॉक्सचा आवाका कळतो. जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा प्रसिद्ध ८एचपी घ्या. बीएमडब्ल्यूपासून कितीतरी कंपन्यांच्या गाड्यांत तो बसतो. त्याचा पहिला गिअर ४.७ च्या घरात, आठवा ०.६७ च्या घरात, आवाका साधारण सातपट. आत चार प्लॅनेटरी गिअरसंच आणि पाच क्लच-ब्रेक. कुठल्याही गिअरमध्ये त्यांतले फक्त दोन मोकळे असतात, म्हणून वाया जाणारी ताकद कमी. ही सगळी माहिती बनवणाऱ्यानं स्वतः जाहीर केलेली आहे. गुपित त्यात काहीच नाही.

पहिल्या गिअरचं गुणोत्तर आणि फायनल ड्राइव्हचा, म्हणजे गिअरबॉक्स आणि चाकं यांच्यातल्या शेवटच्या गुणोत्तराचा, आकडा शेजारी छापला, तर भरलेली गाडी कात्रजच्या जुन्या घाटात चढावर थांबून पुन्हा सुटायला कितपत तयार आहे, याचा अंदाज जाणकाराला घरबसल्या करता येतो. दोन गाड्यांची तुलना करता येते. टॉर्कचा आकडा तुम्ही ठळक छापता, पण तो चाकापर्यंत पोचतो गिअरमधून. तो दुवाच तुम्ही खोडून टाकला आहे.

त्याची फळं कशी भोगावी लागतात, ते मी बोरघाटात पाहिलं. सुट्टीचा दिवस, एक्सप्रेसवेवर खोपोलीपासून वर खंडाळ्यापर्यंत गाड्यांची रांग. रांग दोन हात सरकायची आणि थांबायची. मी करत होतो ते एवढंच : ब्रेकवरचा पाय उचलायचा, गाडी पुढे रांगू द्यायची, पुन्हा ब्रेक. ऑटोमॅटिक गाडी गर्दीत चालवायची आणखी कुठली रीत असते? थोड्या वेळानं गाडी सुटताना थरथरू लागली. मग जळक्या वासाचा भपका आला. मग काट्यांच्या मधल्या पडद्यावर सूचना झळकली : गिअरबॉक्स गरम झाला आहे, सुरक्षित जागी गाडी थांबवा. डावीकडे कडा, उजवीकडे कंटेनर, मागच्या सीटवर माझी म्हातारी आई. सुरक्षित जागा तिथे कुठली? शेजारच्या ट्रकमधला क्लीनर वासावरूनच म्हणाला, “साहेब, क्लच जळतोय तुमचा.” मी म्हणालो, या गाडीला क्लचच नाही. शोरूममध्ये मला तेच सांगितलं होतं : क्लच नाही, गिअर नाही, नुसतं बसा आणि चालवा.

क्लच होता. एक नाही, दोन होते, आणि दोन्ही कोरडे. गाडी रांगते तेव्हा हा क्लच पूर्ण लागलेला नसतो. तो घासत असतो. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहिल्याच आठवड्यात दम देऊन सांगतात की चढावर हाफ क्लचवर गाडी धरू नका. तुमचं यंत्र नेमकं तेच करत होतं, माझ्या पायाखाली, मला न सांगता. तिथे तेल नसल्यामुळे उष्णता जायला फारशी वाट नव्हती. अशा गाडीत पुढच्या गाडीमागे चिकटून इंचइंच सरकू नये. जरा अंतर पडू द्यावं, मग एकदम सुटावं, म्हणजे क्लच पूर्ण लागेल. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नये, ब्रेक दाबून उभं राहावं. ही दोन पथ्यं मला आधी कळायला हवी होती. तुमच्या तक्त्यात ‘कोरडा क्लच’ असा साधा उल्लेख असता तरी मी ती शोधून काढली असती.

सर्व्हिस सेंटरमध्ये जॉब कार्डावर कारण लिहिलं गेलं : चालवण्याची पद्धत. वॉरंटीबद्दल विचारलं तर उत्तर मिळालं की क्लच ही झिजणारी वस्तू आहे, ती वॉरंटीत बसत नाही. विकताना क्लच नव्हता. बिल करताना मात्र क्लच सापडला.

‘चालवण्याची पद्धत’ हे उत्तर फक्त आपल्याकडे मिळतं असं नाही. फोर्डच्या पॉवरशिफ्ट या ६-स्पीड, कोरड्या दोन क्लचच्या गिअरबॉक्सचं प्रकरण जगभर गाजलं. ऑस्ट्रेलियात फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्टचे मालक तक्रार करत होते की गाडी थरथरते, धक्के देते, अचानक ओढ सोडते. त्यांतल्या अनेकांना सांगितलं गेलं की तुम्ही चालवताच तशी. तिथल्या ग्राहक आयोगानं प्रकरण कोर्टात नेलं आणि एप्रिल २०१८ मध्ये फेडरल कोर्टानं गिऱ्हाइकांशी अनुचित वर्तन केल्याबद्दल कंपनीला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. थरथर हे गिअरबॉक्सच्या दोषाचं लक्षण आहे हे कंपनीला माहीत होतं, तरी दोष चालवणाऱ्याच्या माथी मारला गेला, हा त्या खटल्याचा गाभा होता. आपल्याकडे २०१३ साली आलेल्या इकोस्पोर्टच्या दीड लिटर पेट्रोल ऑटोमॅटिकमध्येही ६-स्पीड डीसीटीच होती. २०१७ मध्ये नवं रूप आलं तेव्हा तिच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर बसला. आधीही ६-स्पीड ऑटोमॅटिक आणि नंतरही ६-स्पीड ऑटोमॅटिक. हा बदल किती मोठा होता, हे त्या दोन शब्दांतून कोणाला कळावं?

आता तेलाकडे येतो, कारण तुमचं सगळ्यात मोठं पाप तिथे आहे. ‘लाइफटाइम फ्लुइड’. आयुष्यभर तेल बदलायला नको. हे वाक्य विक्रेते इतक्या अभिमानानं सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, आत अमृत भरलं आहे. आयुष्य कोणाचं? गाडीचं, गिअरबॉक्सचं, की वॉरंटीचं? याचं उत्तर मला एकाही माहितीपत्रकात सापडलेलं नाही.

ज्या झेडएफच्या गिअरबॉक्सचा उल्लेख वर केला, तो बसवणाऱ्या गाड्यांच्या देखभालीच्या वेळापत्रकात तेलबदल अनेकदा नसतोच. पण तो गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः सांगते की दर ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी, वापर कसा आहे ते पाहून, तेल बदला. यंत्राचा बाप एक सांगतो आणि यंत्र विकणारा दुसरंच. गाडीमालकानं कोणाचं ऐकावं?

ऑटोमॅटिकमधलं तेल नुसतं वंगण नसतं. ते क्लच दाबतं, उष्णता वाहून नेतं, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ताकद पोचवतं आणि क्लचची पकड किती हळुवार किंवा किती घट्ट असावी हेही त्यातल्या रसायनांवर ठरतं. तापमान वाढलं की ते झपाट्यानं खराब होतं. दर दहा अंशांच्या वाढीला तेलाचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा वंगणाच्या धंद्यात ढोबळ नियमच आहे. मेच्या उन्हात, एसी चालू ठेवून, तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडणाऱ्या गाडीच्या तेलाला तुम्ही कुठल्या हिशेबानं आयुष्यभराची हमी देता?

आमच्या ओळखीच्या एका गॅरेजमध्ये असं ‘आयुष्यभराचं’ तेल बाहेर काढताना मी शेजारी उभा होतो. टॉर्क कन्व्हर्टरची जुनी गाडी, तेल एकदाही न बदललेलं. मिस्त्रींनी खालचा बोल्ट सोडला आणि भांड्यात काळपट तपकिरी धार पडली. करपलेल्या कडीसारखा वास. मग पॅन उतरवला. त्याच्या तळाशी लोहचुंबक असतात, झिजून निघालेला लोखंडाचा चुरा धरून ठेवायला. त्यांच्यावर बोटभर जाडीचा करडा लगदा साचला होता. मिस्त्रींनी पांढऱ्या कागदावर एका बाजूला हे तेल टाकलं आणि दुसऱ्या बाजूला नव्या डब्यातलं लालचुटूक. बोलायची गरजच उरली नाही.

नवं तेल भरणंही सोपं नाही. या गाडीला तेल पाहायची डिपस्टिक नाही. तीही तुमच्या लोकांनी काढून टाकली आहे. गाडी रॅम्पवर अगदी सपाट धरायची, इंजिन चालू ठेवायचं, प्रत्येक गिअर एकदा लावून पाहायचा, तेलाचं तापमान स्कॅनरवर ठरलेल्या अंशांपर्यंत आलं की बाजूचा बोल्ट सोडायचा, आणि बारीक धार थांबून थेंब थेंब पडायला लागले की लगेच आवळायचा. तापमान चुकलं तर पातळी चुकते. कोणतं तेल, किती, कुठल्या तापमानाला, हे तीन तपशील नसतील तर कसबी मिस्त्रीही चाचपडतो. हे तपशील आमच्या मिस्त्रींना ओळखीपाळखीतून मिळवावे लागले.

तेलाची निवड किती नाजूक असते, हे फोक्सवॅगनला विचारा. कोरड्या क्लचच्या ७-स्पीड डीएसजीवरून (डीसीटीला त्यांनी दिलेलं हे नाव) चीनमध्ये गदारोळ झाला आणि मार्च २०१३ मध्ये तिथे ३ लाख ८४ हजारांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांच्या गिअरबॉक्समधलं सिंथेटिक तेल काढून खनिज तेल भरण्यासाठी कंपनीनं मोहीम काढली, कारण उष्ण आणि दमट हवेत त्या सिंथेटिक तेलामुळे आतल्या विजेच्या भागांत बिघाड होऊ शकत होता. उष्ण आणि दमट! मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी इथे दुसरी हवा असते कधी? युरोपातल्या हवेत बसलेलं गणित कोकणात चालतंच असं नाही, हे कंपन्यांनी स्वतःच्या खिशातून मोजून शिकलेलं आहे.

मालकाच्या पुस्तिकेत, अगदी मागे, बहुतेक कंपन्या एक छोटा तक्ता देतात : ‘खडतर वापर’. सतत थांबत-सुरू होत चालवणं, धुळीचे रस्ते, डोंगराळ भाग, कडक उन्हाळा, कमी अंतराच्या फेऱ्या. असा वापर असेल तर देखभाल लवकर करा, असं तिथे म्हटलेलं असतं. हिंजवडीला रोज जाणाऱ्या माणसाचा वापर यांतल्या कुठल्या अटीत बसत नाही? आपल्या शहरांत खडतर वापर हाच नेहमीचा वापर आहे. मग ते वेळापत्रक मागच्या पानावर का, आणि युरोपातल्या रिकाम्या रस्त्यांचं पुढच्या पानावर का?

गाडी ओढून नेण्याचंही तेच. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्सचा तेलपंप फिरत नाही. अशा वेळी ताकद मिळणारी चाकं रस्त्यावर ठेवून गाडी दूरवर ओढली तर आतले भाग तेलाविना घासतात. पट्टा लावून ओढणाऱ्याला हे माहीत नसतं आणि मालकालाही. एका ओळीचं काम आहे. ती ओळही तुम्ही देत नाही.

तुमचं उत्तर मला पाठ आहे : गिऱ्हाइकाला हे कळत नाही, तो वाचत नाही, त्याला स्क्रीन आणि सनरूफ हवं असतं. हे खोटं आहे, आणि ते खोटं असल्याचा पुरावा तुमच्याच धंद्यात आहे. कुठल्याही ट्रॅक्टरचं माहितीपत्रक उघडा. पुढचे गिअर ८, मागचे २. क्लच सिंगल की ड्युअल. ब्रेक तेलात बुडालेले की कोरडे. पीटीओला, म्हणजे अवजारं फिरवणाऱ्या दांड्याला, अश्वशक्ती किती, लिफ्ट किती किलो उचलते. सगळं ठळक छापलेलं असतं, आणि सांगलीचा किंवा जालन्याचा शेतकरी विक्रेत्यासमोर बसून त्यातल्या एकेका आकड्यावर त्याला घाम फोडतो. ‘तेलात बुडालेला की कोरडा’ हा प्रश्न जो देश ट्रॅक्टरच्या ब्रेकबद्दल विचारू शकतो, तो गाडीच्या क्लचबद्दलही विचारेल. शेतकऱ्याला तुम्ही सांगता, कारण तो विचारल्याशिवाय पैसे सोडत नाही. शहरातल्या गिऱ्हाइकाला सांगत नाही, कारण त्याला विचारायला शब्दच उरू नयेत अशी व्यवस्था तुम्ही केली आहे.

कायदाही तुमच्या बाजूचा नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(९) मध्ये मालाचा दर्जा, प्रमाण, क्षमता, मानक यांची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क म्हणून लिहिला आहे. कलम २(२८) मध्ये महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणं हे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत बसतं. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ गाडी कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला, तो याच वृत्तीसाठी : सुटे भाग, तपासणीची साधनं आणि तांत्रिक पुस्तिका स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मिळू न देणं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, तेही दुरुस्तीची माहिती लोकांपर्यंत पोचावी म्हणून. सगळे एकच गोष्ट तुम्हाला सांगत आहेत. ऐकू येत नसेल तर मी लिहून देतो.

‘ट्रान्समिशन’ या शब्दापुढे यापुढे एवढं छापा :

१. प्रकार : एएमटी, टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी की डीसीटी. तुमच्या जाहिरात खात्यानं दिलेलं गोंडस नाव नंतर.
२. क्लच : किती, आणि ओला की कोरडा.
३. प्रत्येक गिअरचं गुणोत्तर, रिव्हर्ससह, आणि फायनल ड्राइव्ह. सीव्हीटी असेल तर सगळ्यात मोठं आणि सगळ्यात लहान गुणोत्तर.
४. गिअरबॉक्स जास्तीत जास्त किती न्यूटन-मीटर टॉर्क पेलतो. इंजिनाचा आकडा त्याच्या किती जवळ आहे, ते आमचं आम्ही पाहू.
५. तेल : कोणत्या मानकाचं, किती लिटर, आपल्या देशातल्या वापरात किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचं. ‘लाइफटाइम’ लिहायचं असेल तर ते आयुष्य किती वर्षांचं, तेही.
६. थंड करण्याची व्यवस्था : वेगळा कूलर आहे की नाही, आणि गिअरबॉक्स तापला तर गाडी काय करते.
७. बंद पडल्यास ओढून न्यायची रीत.
८. क्लच आणि गिअरबॉक्स नियंत्रित करणारा मेकाट्रॉनिक भाग वॉरंटीत आहेत की नाहीत. ‘हो’ किंवा ‘नाही’.

आठ ओळी. दिव्यांच्या रंगांचा फोटो थोडा लहान केलात तर मावतील.

माझा ऑटोमॅटिकला विरोध नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले, डाव्या पायानं अधू असलेले, दिवसाचे तीन तास गर्दीत काढणारे, उतारवयात पुन्हा स्टिअरिंग धरू पाहणारे, अशा कितीतरी जणांना या यंत्रांनी रस्ता परत मिळवून दिला आहे. चांगल्या इंजिनिअरांनी जीव ओतून केलेली ही कामं आहेत. कोरड्या क्लचची डीसीटीसुद्धा योग्य रस्त्यावर, योग्य हातात उत्तम चालते. म्हणूनच मला राग आहे. त्यांनी वर्षानुवर्षं मेहनतीनं ठरवलेल्या मर्यादा तुम्ही एका शब्दाखाली झाकून टाकता, यंत्र बदनाम होतं आणि चालवणारा गुन्हेगार ठरतो.

तुमच्याकडून उत्तर येईपर्यंत मी हातावर हात ठेवून बसणार नाही. वरच्या आठ ओळी प्रश्न म्हणून छापून मी ओळखीच्या प्रत्येकाला देतो आहे. सोबत त्यांना सांगतो आहे : गाडी घ्यायला जाताना हा कागद विक्रेत्यापुढे ठेवा, उत्तरं कंपनीच्या ई-मेलवरून लेखी मागा आणि ती येईपर्यंत बुकिंगची रक्कम भरू नका. तोंडी उत्तर दिलं तर त्याच्यासमोरच ते लिहून घ्या आणि खाली सही मागा. सही द्यायला तयार नसेल, तर शेजारच्या शोरूममध्ये जा. तुमच्या विक्रीच्या आकड्यांना हे जाणवायला लागलं, की तुमच्या तक्त्यातही ते दिसू लागेल, याची मला खात्री आहे.

कळावे.

एक गाडीमालक,
पुणे